डबल बेल

रविवार, १५ सप्टेंबर

सायकलचं हेल्मेट उलटं घालून बाबा जिन्याखाली उभे! मी खाली पोचले तर म्हणे, "गाडी पाच मिनिटं लेट आहे." बत्तीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी घड्याळ डेपोचंच.

निघताना ऊन, दुर्गाडीला सर, कोनला परत ऊन. रेनकोट तीनदा घातला, तीनदा काढला. मग कंटाळून भिजले.

वाटेत त्यांनी नियम घातला — ते पुढे, मी मागे, आणि मी कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. "डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाय." एकेचाळीस वर्षांची मी, लॅबमध्ये दिवसभर लोकांना सुया टोचणारी, कल्याणच्या रस्त्यावर बापामागे घंटी वाजवत! मजा आली. खरंच आली.

ठरवलंय — त्यांना त्यांच्या जुन्या रूटने ठाण्याला, खोपटला न्यायचं. कोन, काशेळी, बाळकुम, माजिवडा आणि खोपटचा डेपो. सायकलवरून. संध्याकाळी बाबा स्वतःच दोन्ही चेनना तेल घालत बसले होते.

सोमवार, १६ सप्टेंबर

मांड्या भरून आल्यात. लॅबमध्ये आज बसले की उठवत नव्हतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आईची भुणभुण. "अगं, हे हल्ली सारखे धडपडतात. काल कपाटाच्या दाराला आपटले. परवा शेजारी ठेवलेला तांब्या कोपराने पाडला. रस्त्यावर कुठे नेतेस त्यांना?" मी म्हटलं, तू तर लग्न झाल्यापासून त्यांना धांदरट म्हणतेस. बाबा तेव्हा बाल्कनीत पेपर वाचत होते — आतल्या पानावरच्या बारीक जाहिरातींसकट. डोळे ठणठणीत. आईला काळजी करायला काहीतरी लागतंच.

रविवार, २२ सप्टेंबर

रांजनोली नाक्यापर्यंत मजल. आभाळ भरलं, गडगडलं आणि एक थेंब न पाडता निघून गेलं. नुसती चिकचिक. सगळीकडे मेट्रोचे खांब आणि पत्रे. बाबांना त्यातही जुने स्टॉप आठवत होते — इथे कॉलेजची पोरं चढायची, इथे एक म्हातारी कोंबड्या घेऊन.

नाक्यावर डावीकडून एक रिक्षा घुसली. बाबा केवढे दचकले! "कुठनं आली ही?" मी आधीच एक घंटी दिली होती म्हणून बरं. रिक्षावाल्याला चार शिव्या घातल्या (त्यांनी दोन, मी दोन).

एक मात्र मानलं. प्रत्येक नाक्यावर आपणहून हळू होतात आणि माझ्या घंटीची वाट बघतात. शिस्त म्हणजे शिस्त! आजकाल कोण पाळतं एवढी?

रविवार, २९ सप्टेंबर

पाऊस. बाबा खिडकीत, मी अंथरुणात.

रविवार, ६ ऑक्टोबर

लिहू की नको? लिहिते.

साडेसहाला निघालो. काशेळीच्या पुलावर उन्हाने पाठ भाजली, बाळकुमला ढग, आणि माजिवड्याला एकदम धो धो. सिग्नल लाल. मी एक घंटी दिली, बाबा थांबले. तेवढ्यात एक जण मोबाइलमध्ये तोंड घालून सरळ माझ्या चाकावरच आला. मी त्याला हटवायला घंटी मारली — ट्रिंग ट्रिंग.

आणि बाबा निघाले!

लाल सिग्नलवर. मान ताठ, सरळ समोर बघत. टेम्पोने करकचून ब्रेक मारला, हातभर अंतर राहिलं असेल. "चाचा, मरना है क्या?" टेम्पोवाला ओरडतोय, मागचे हॉर्न देतायत आणि हे पलीकडे पोचलेसुद्धा. सिग्नल सुटेपर्यंत मी अलीकडेच अडकलेली.

पोचले आणि तिथेच, भर पावसात ओरडले. "लाल होता, बाबा!"

"तू डबल दिलीस ना?"

"अहो, पण लाल दिसला नाही?"

त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग म्हणाले, "सिग्नल आहे कुठे?"

जवळच होता. उजवीकडच्या खांबावर.

एका बंद दुकानाच्या शटरला टेकून उभे राहिलो तेव्हा बोलले. गेल्या वर्षी सोसायटीत डोळ्यांचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला, मोठ्या डॉक्टरकडे जा म्हणाल्या. हे गेले नाहीत. "समोरचं दिसतं गं. पेपर वाचतो. बाजूचं जरा धुरकट, एवढंच." चिठ्ठी पाकिटात घडी करून ठेवलेली. वर्षभर!

मी नको नको ते बोलले. वर्षभर गप्प बसलात, मी काय परकी आहे? आधी का नाही सांगितलंत?

म्हणाले, "सांगितलं असतं तर आणलं असतंस का मला?"

पाऊस थांबला, लगेच ऊन पडलं. खोपटपर्यंत सायकली हातात धरून चालत गेलो. डेपोच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले. आत नाही गेले. "गाड्या बदलल्यात सगळ्या," एवढंच म्हणाले. सायकली टेम्पोत टाकून घरी आलो.

आईला माझ्यादेखत त्यांनीच सांगितलं. तिने उठून त्यांचे ओले कपडे वाळत घातले. ओरडली असती तर बरं होतं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

राग जात नाही. त्यांचा आणि माझाही. मला वाटलं, खेळ चाललाय. बाप कौतुकाने मला कंडक्टर करतोय. तो माणूस नाक्यानाक्यावर माझ्या घंटीच्या भरवशावर जीव पुढे ढकलत होता आणि मी त्याला शिस्त म्हणत होते! आई सांगत होती, तेव्हा तिलाच वेड्यात काढलं.

दिवसभर लोकांना सांगते, रिपोर्ट घरी दाबून ठेवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि माझ्या घरात हे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

डोंबिवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका मशीनमध्ये डोकं घालून बसायचं, बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. बाबा बराच वेळ दाबतच नव्हते. मला वाटलं, झोपले की काय.

कागद आला. मधे थोडं पांढरं, भोवती काळं. डॉक्टर सरळ बोलणारे — "गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकवू. वर्षापूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं. सायकल बंद."

बाबा म्हणाले, "कॅरिअरवर बसलो तर?" डॉक्टर हसले. मी नाही हसले.

निघताना डॉक्टर मला थांबवून म्हणाले, हे घराण्यात असतं, मुलांनीही तपासून घ्यावं. मी एकुलती एक. बघू, आधी यांचं मार्गी लागू दे.

घरी येऊन बाबांनी सायकल खाली नेऊन वॉचमनला देऊन टाकली. कोणाला विचारलं नाही. वर आल्यावर आईला म्हणाले, "चल, थेंब घाल." डोळे उघडे ठेवून अगदी गरीब मुलासारखे बसले. मला तेव्हा रडू आलं. आत जाऊन रडले.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

संध्याकाळी बाबांना घेऊन पायी चक्कर मारली. भुरभुर होती. माझ्या कोपराला धरून चालले. रागबिग सगळा गेला. असं काही परत कधी माझ्यापासून लपवणार नाही, असं वदवून घेतलं त्यांच्याकडून. हो म्हणाले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

हाफ डे टाकून डोळे तपासून आले. मलाही आहे. उजव्या डोळ्यात, सुरुवात. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

घरी आले तर बाबांनी विचारलंच. "काय म्हणाला डॉक्टर?"

"काही नाही, सगळं ठीक आहे," म्हटलं.

माझ्या थेंबांची बाटली लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवली आहे.