केबल उजवीकडे घेतली

४ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू ओरडून घसा बसवून घेतेस, म्हणून पत्रच बरं. साइटवर आता सगळ्यांच्या हातात टॅब्लेट. तुझ्या ऑफिसने केलेली अख्खी इमारत त्यात दिसते, भिंतीच्या पोटातल्या तारांसकट. मी आपला अजून खडू घेऊन हिंडतो. पोरं हसतात, हसू देत. लंबू मात्र फितूर झाला! तीस वर्षं माझ्या खुणेवर ड्रिल चालवलं आणि आता म्हणतो, ठमीने काढलंय म्हणजे चुकायचं नाही.

एक काम कर. तळघरात पश्चिमेच्या भिंतीला तुळई आडवी आली, म्हणून पंपाची चालू केबल मी दोन वीत उजवीकडे घेतली. बदल टॅब्लेटवर नोंदवायचा असतो म्हणे. माझं बोट लागलं की भलतंच उघडतं. तूच घाल तुझ्या मॉडेलात. वेळेवर जेवत जा.

ओरडलीस तरी लोभ आहेच,
तुझे बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

अक्षर आहे की कोंबडीचे पाय? पण लंबूकाका माझ्या बाजूने आहेत हे वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. केबलचं आजच टाकते, काळजी नको. तुम्ही मात्र टॅब्लेट शिकाच. अहो, मी काढलेल्या इमारतीत माझेच वडील खडू घेऊन फिरतात, ऑफिसात मी काय तोंड दाखवू? आणि कान तपासून घ्या, किती वेळा सांगायचं!

लोभ वाढू द्या, हट्ट कमी करा,
ठमी

३ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

लंबू गेला. सोमवारी पश्चिमेच्या भिंतीला भोक पाडायचं होतं. त्याने आधी मला हाक मारली म्हणे. मी दहा पावलांवर होतो, मला ऐकूच आलं नाही. मग त्याने टॅब्लेट बघितला. त्या जागी भिंत कोरी दिसली, त्याने ड्रिल लावलं.

चौकशीत मी सांगितलं, केबल मी हलवली आणि कोणालाही कळवलं नाही. मला घरी बसवलंय. लंबूच्या घरी वहिनींनाही तेच सांगितलं. रोज जाऊन बसतो त्यांच्याकडे, त्या चहा देतात. तू एक अक्षर बोलायचं नाहीस. केबलचं लिहिलेलं माझं पत्र फाडून टाक. तुला माझी शपथ आहे.

बाबा

९ मार्च

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

पत्र फाडलं नाही. तीन आठवडे ते माझ्या टेबलावर होतं आणि मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले. दोन मिनिटांचं काम होतं हो, बाबा. काल ते चौकशीच्या साहेबांच्या हातात दिलं. नोकरी जाईल, जाऊ दे. शपथ मोडली, मला माफ करा.

तिथून काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरी, तुझी चूक झाली, तू येऊन सांगितलीस. पण तुझे वडील रोज माझ्यासमोर बसून खोटं बोलले. त्यांना सांग, आता येऊ नका.

मी रडले, पाया पडले. त्या ऐकत नाहीत. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात, आणि मी खरं बोलून तुमचं तेवढं एक दारही बंद केलं.

लोभ मागायला मला तोंड नाही. शनिवारी येते. घरात घ्या.

ठमी