नॅस्टी फॉल खरा असल्याबाबत

प्रति,
मा. कार्मिक व्यवस्थापक,
दीपश्री पंखे कारखाना, मुलुंड (पश्चिम)

विषय : अर्जदार खरोखरच पडल्याचे मान्य करून त्यास नोकरीवर ठेवणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १० सप्टेंबर १९८६.

महोदय,

पॅकिंग खात्यातील अर्जदार जयवंत गुणाजी पालव कारखान्याच्या जिन्यावरून पडला व त्याचा डावा पाय मोडला. आपल्याकडे रजेचा अर्ज इंग्रजीतच लागतो, म्हणून त्याने 'हॅड अ नॅस्टी फॉल', म्हणजे जबर पडलो, असे लिहिले. त्यावर आपण 'नेहमीचेच' असा शेरा मारलात.

१. शेरा चुकीचा म्हणवत नाही. खात्यातले अर्ज हेडक्लार्क अंबादासभाऊ लिहून देतात. "ताप लिहिलास तर साहेब गोळी देतील. फॉलवर गोळी नसते रे," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे दर गणपतीला गावी जाण्यापूर्वी अख्खे खाते पडते. नंदू परब तर मेहुणीच्या साखरपुड्यालाही पडला होता.

२. इतकी माणसे पडतात हे पाहून आपण काळजीपोटी जिन्यावर काथ्याची चटई ठोकून घेतलीत. तिच्याच सुटलेल्या टोकात अर्जदाराचा पाय अडकला. आता सुरक्षा अधिकारी म्हणतात, चटई आल्यावर कोणी पडूच शकत नाही.

३. साक्षीदार द्यावेत, तर ते सगळे नॅस्टी फॉल होऊन कणकवलीला आरत्या म्हणत आहेत. उरल्या कँटीनच्या शेवंतीमावशी. त्यांनी पडताना पाहिले, पण "मेल्या, सायब गेले, उठ आता," असे म्हणून त्या भजी तळायला गेल्या. अर्जदार बराच वेळ तिथेच होता.

४. टाइमकीपरांनी प्लास्टरवर टकटक करून पाहिले व आवाज संशयास्पद असल्याचे नोंदवले.

नोटिशीप्रमाणे आज दुसऱ्या मजल्यावर समक्ष खुलासा न केल्यास अर्जदाराचे नाव पटावरून कमी होणार आहे. घरात आई आणि धाकटी बहीण उत्तरा. कमावणारा तो एकटाच. तो कुबड्या घेऊन सकाळपासून हजर आहे, फक्त मजला जमलेला नाही. सबब हा अर्ज वॉचमनच्या हाती वर पाठवीत आहे. नाव कमी करण्यापूर्वी साहेबांनी एकदा खाली येऊन पाय पाहावा, इतकीच विनंती.

आपला नम्र व तूर्त तळमजल्यावरील,
ज. गु. पालव
१५ सप्टेंबर १९८६

सोबत : एक्स-रे. (पाय सोबत पाठवता आला नाही.)