दीड एकर रान, सुकन्याच्या नावे

मी, सौ. कडूबाई सूर्यभान दांगडे, वय ६४, रा. काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर, धंदा दुधाचा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, बिघडले आहे ते यकृत. डॉक्टरांनी चार महिने सांगितले आहेत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही; ती करणारे माझे पती सध्या पत्ते खेळायला गेले आहेत.

१. पतींनी तीन पत्तीत घालवलेले दीड एकर रान मी म्हशींच्या दुधावर चौदा वर्षांनी परत विकत घेतले. ते रान, त्यातले घर व पाच म्हशी माझी मुलगी सुकन्या हिला एकटीला.

२. कारण नोंदवते. एकदा पती मोठा डाव जिंकले. पांढरी जीप घेतली, स्वतःच्या वाढदिवसाला डीजे लावला, अख्ख्या गावाला मटण घातले. सुकन्याच्या नर्सिंगच्या फीचे विचारले तर म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला लागतंय शिक्षान?" महिन्यात जीपही गेली. लावायला काही उरले नाही, तेव्हा भिंगारच्या एका जुगाऱ्याच्या दारुड्या पोराला सुकन्या देण्याचा शब्द लावला. हरले. पाहुणे बघायला आले तेव्हा ती मला बिलगून म्हणाली, "आये, मला न्हाई जायचं." मी तिच्या हातात चहाचा ट्रे दिला. त्या ट्रेची भरपाई या रानाने होत नाही, हे मला समजते.

३. पतींना गोठ्यातली खाट आणि दोन वेळची भाकरी. भाकरी त्यांनी रोज सुकन्याकडे स्वतः मागावी, तिच्या उजव्या बाजूला उभे राहून. तिचा डावा कान भिंगारच्या नवऱ्याने मारून बहिरा केला, तेव्हा ती माघारी आली. ती नाही म्हणाली तर उपाशी राहावे.

४. अग्नी सुकन्या देईल. पतींनी मोठ्याने रडू नये. लोकांना खरे वाटेल.

५. शेजारीण छबूबाईने सांगितले की पती अड्ड्यावर म्हणतात, "म्हातारी चार म्हैन्याची सोबतीन हाय. रान मलाच येतंय. लावा!" म्हणून माझा भाऊ राधाकृष्ण, रा. पारनेर, याने हे मृत्युपत्र दहाव्याचा विधी उरकल्यावरच वाचावे. तोवर पतींना कोणी काही कळवू नये. त्या दिवसांत ते माझे रान नक्की डावावर लावतील. लावू द्यावे. रान मिळणार नाही म्हटल्यावर समोरची माणसे हातपाय मोडून अंगावर वसुली करतात. ती बघायला मी नसेन, एवढीच हळहळ आहे.

वाचून, समजून सही केली.
कडूबाई सूर्यभान दांगडे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
१. भिमाजी गेणू कोळपे
२. छबूबाई सहादेव पाचपुते

काष्टी, दि. ११ जानेवारी २०२६