उद्याच्या घरातल्या बाईचे गुडघे

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, दवाखाना नेहमीसारखा भरलेला असेल आणि वहिनी तुझ्यावर नेहमीसारखी चिडलेली असेल, असं धरून चालते. आम्ही इकडे ठीक. लेकीची परीक्षा संपली. ह्यांची पाठ अजून धरलेलीच आहे. तू दिलेल्या लिंबाच्या रोपाला शेवटी एक लिंबू लागलं. एकच आहे, पण घरात त्याचा एवढा मान की तोडायची कोणाची हिंमत होत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. तीन महिने होत आले. मेसेज वाचतोस आणि सोडून देतोस, तेही कळतं. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मधेच तोडता येत नाही. तू आयुष्यभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून स्वतः बोलत आलास. त्या बिचाऱ्यांना 'अं अं' पलीकडे काही म्हणता येत नाही. आज खुर्चीत तू बस, बोलणार मी.

आधी बातमी. पार्कातलं आपलं दालन, 'उद्याचं घर', पुढच्या महिन्यात पुन्हा उघडतंय. घुमटाच्या काचा उतरवून धुतल्या. दिवाणखान्याच्या भिंतीचा तो पिवळा रंग आठवतो ना, तुमच्या मंडळातले चाहते ज्याला 'कावीळ' म्हणतात? तो मिळेना. रंगवाल्याने सतरा नमुने करून दाखवले, प्रत्येक वेळी मी म्हणायची, "अजून थोडा आजारी हवा." शेवटी त्याने हात जोडले. पण मिळाला. लोकांना घरभर फिरवणाऱ्या डब्यांची चाकं नवी घातली, मात्र वळणावरचा तो हलका हिसका ठेवला आहे. आणि घोरणारे यांत्रिक आजोबा! आवाजवाल्या पोरीने त्यांचं घोरणं इतकं स्वच्छ करून आणलं की आजोबा घोरत नसून गाण्याचा रियाज करतायत असं वाटायचं. मधला तो अडकून सुटणारा घुर्रर्र परत आणायला तिला आठवडा लागला. आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

तू म्हणशील, आजोबांना तर तू काढणार होतीस ना? दिवाणखान्यासकट? थांब, येते तिकडे.

सभेबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण मग लिहायला लिंबाशिवाय काही उरत नाही. तू तिथे होतास, तरी माझ्या बाजूने ती सभा तू कधी ऐकली नाहीस. म्हणून ऐक.

मी व्यासपीठावर पार्कातर्फे दालनाचा माझा नवा आराखडा घेऊन उभी. दोन वर्षांचं काम. समोर तुमचं चाहता मंडळ, छातीवर घुमटाचं चित्र असलेले शर्ट घालून, सगळे मिळून तीन-चारशे तरी. आणि पहिल्या रांगेत तू, अध्यक्ष. आपलं ठरलं होतं की नातं बाहेर ठेवायचं. तू विरोध करायचा, मी उत्तर द्यायचं, आणि रविवारी तुझ्याकडे जेवायला बसून दोघांनी हसायचं. मला ते धाडसाचं वाटत होतं, खरं सांगते.

मी चित्रं दाखवायला लागले. बोलणाऱ्या भिंती, आपोआप आवरली जाणारी खोली. मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, भिंतच बोलायला लागली तर बायकोने काय करायचं?" त्यावर एक बाई त्याहून मोठ्याने, "आराम!" सगळं सभागृह हसलं. तिथवर ठीक होतं.

मग तू उठलास. मला दोनदा मॅडम म्हणालास, दोन्ही वेळा मला हसू दाबावं लागलं. आणि मग तू ते बोललास. म्हणालास, "तुम्ही आज जे नवं घर उभं कराल, ते दहा वर्षांत जुनं होईल. मग पुन्हा सभा, पुन्हा आराखडा. आमचं घर मात्र पुरतं जुनं होऊन गेलंय. आता ते आणखी जुनं होऊच शकत नाही. आमच्या आईबापांनी उद्या कसा असेल म्हणून जे स्वप्न पाहिलं, ते आम्ही पोरांना दाखवायला आणतो. दुसऱ्याच्या स्वप्नात दुरुस्त्या करू नका."

दादा, दाढा काढणारा माणूस हे बोलला. कागद न घेता.

मला तिथेच कळलं होतं. पण समोर चारशे माणसं आणि बाजूला पार्काचे मोठे साहेब, म्हणून मी नेटाने पुढे गेले. स्वयंपाकघराचं चित्र लावलं. त्यातली बाई, जी इतकी वर्षं ओट्याशी उभी राहून मान वळवते आणि हसते, ती मी खुर्चीत बसवली होती. म्हटलं, एवढी यंत्रं आहेत घरात, ही एकटीच का उभी?

आणि तू भडकलास. "तिला हात लावायचा नाही! आई याच बाईसाठी इथे यायची. आईला काय आवडायचं ते तू मला सांगणार? तू तेव्हा तिच्या मांडीवर झोपलेली असायचीस!"

तुमचे ते 'पहिला डबा', म्हणजे पहिला डबा मिळेपर्यंत कितीही फेऱ्या सोडणारे गृहस्थ, उभे राहिले. "डॉक्टर, कोणाची आई?"

तू म्हणालास, "आमची. ही माझी धाकटी बहीण आहे."

मग जो गोंधळ झाला तो तुला माहीत आहे. फितूर काय, घरभेदी काय. तुझ्या अंगावर कोणीतरी बिल्ला फेकला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान खाली घातली. तू निघून गेलास. वहिनी मला नंतर म्हणाली, "त्याला बाकी कशाचं काही नाही वाटलं गं. तू त्याला ओळख दिली नाहीस, एवढंच त्याला लागलंय."

तू दारातून बाहेर पडल्यावर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसणार, कारण त्याच संध्याकाळी त्यांनी तुला मंडळातून काढलं. मी माइक हातात घेतला. म्हटलं, "हो, तो माझा भाऊ आहे. आणि तो बरोबर आहे. मी माझा आराखडा मागे घेते."

हे तुला मी तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तू बरोबर होतास हे तुला सांगणं आपल्या घरात कधी कोणाला जमलंय? बाबांना नाही, वहिनीला नाही. शिवाय मीही दुखावले होते. आणि नुसतं सांगण्यापेक्षा करून दाखवावं असंही मनात होतं. ते घर तू म्हणालास तसंच उभं करावं, मग लिहावं.

मोठे साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन वर्षांचं काम ज्याने पाण्यात घालवलं, तो माणूस तुमचा कोण म्हणालात?" मी म्हटलं, "माझा मोठा भाऊ." आणि दादा, माझी मान इतकी ताठ होती की नंतर दुखली. मग त्यांनी विचारलं, काहीच बदलणार नसाल तर पाटीवर तुमचं नाव कशासाठी लावायचं? मी म्हटलं, "साहेब, झिजलेली प्रत्येक वस्तू नवी करायची आणि येणाऱ्याला एकही नवी वाटू द्यायची नाही. करून बघा." नाव लागतंय पाटीवर. मी आजवर केलेल्या कामांत हे सगळ्यात चांगलं आहे, आणि बघणाऱ्याला ते दिसणारच नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट रोज सकाळी घुमटाखाली जाऊन उभी राहते आणि एकटीच खूश होते.

तुमचं मंडळ आता माझ्या कचेरीत पडीक असतं. स्वयंपाकघराचं तेवढं अजून ठरलेलं नाही, म्हणून त्यांच्यात दोन तट पडलेत, 'उभे' आणि 'बसके'. परवा एक उभा आणि एक बसका माझ्यासमोर इतके भांडले की दोघांचा चहा थंड झाला. उभा म्हणाला, "बसायचंच असेल तर बाईने स्वयंपाकघरात यावं कशाला?" बसका म्हणाला, "तुमच्या मातोश्रींना विचारा." पहिला डबा कोपऱ्यात डोकं धरून बसले होते. मला म्हणाले, "ताई, डॉक्टरांना परत आणा. आम्ही चुकलो. आधीही भांडायचो, पण त्यांच्या भांडणाला काही शेवट असायचा. आणि त्यांना सांगा, माझी दाढ ठणकतेय, पण दुसऱ्या कोणाला मी तोंड उघडून दाखवलेलं नाही."

हे त्यांच्या भाषेतलं लोटांगण आहे. समजून घे.

आता स्वयंपाकघर.

ती बाई सोडवून कार्यशाळेत आणली तेव्हा पहिल्यांदा तिचा झगा उचलून आत पाहिलं. तिला गुडघेच नाहीत, दादा. कमरेखाली सरळ लोखंडी दांडा, तो जमिनीत रोवलेला. मानेला खटका, ओठांना खटका, मनगटाला सुद्धा. ज्यांनी हे घर काढलं त्यांनी भाकीत केलेली फोनवरची चित्रं खरी झाली, आपोआप धुणारं यंत्र खरं झालं. पण ही बाई कधी तरी बसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी बराच वेळ त्या दांड्याला हात लावून उभी होते. मग कारागिरांना म्हटलं, हिला गुडघे करा.

तुझं वाक्य तू माझ्यावरच उलटवशील हे मला माहीत आहे. स्वप्नात दुरुस्त्या करायच्या नाहीत. मान्य, म्हणून तर कावीळसुद्धा जशीच्या तशी ठेवली. तुला ती उभी का हवी, तेही मला माहीत आहे. आई गेल्यापासून, दालन बंद होईपर्यंत, तू दर महिन्याला तिथे एकटा जायचास. वहिनी सांगते. ओट्याशी उभी असलेली आई तुला आता तेवढ्या एकाच ठिकाणी भेटते.

पण त्या दिवशी मी मान का खाली घातली ते सांगते. तुझी लाज वाटली म्हणून नाही. तुला द्यायचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते चारशे माणसांत द्यायचं नव्हतं. ते आजवर मी कोणालाच दिलेलं नाही.

लहानपणी डब्यात तू आणि बाबा पुढच्या बाकावर बसायचात. मागे आई, तिच्या मांडीवर मी. आई कापडदुकानात दिवसभर उभी असायची. गिऱ्हाईक असो नसो, विकणाऱ्या बाईने बसायचं नाही हा मालकाचा नियम. घरी आली की ओटा. डबा अंधारात शिरला की ती चपला काढायची आणि पाय लांब करायची. ते मला कळायचं, कारण तिची मांडी सैल पडायची. मी डोळे मिटून पडलेली असायची. झोपलेली नसायची. झोपलेली दिसले तर ती मला खाली उतरवणार नाही आणि आपल्याला दुसरी फेरी मिळेल, एवढाच माझा डाव.

स्वयंपाकघर आलं की तुम्ही दोघं पुढे यंत्रं मोजायचात. आई त्या बाईकडे बघायची. आणि दर वेळी, अगदी हळू, शेजारणीशी बोलावं तसं म्हणायची, "बस गं बाई आता. किती वेळ उभी राहशील?"

दर वेळी, दादा. आई तिथे त्या बाईसाठी यायची हे तुझं खरंच आहे.

गुडघे तयार आहेत. कारागीर शुक्रवारी तिला परत ओट्याशी उभी करणार आहेत. डबा आत आला की ती उभी असेल, तू बघतोस तशीच मान वळवून हसेल. डबा वळणाशी जाईपर्यंत खुर्ची ओढून घेईल आणि बसेल. उभे आणि बसके दोघंही मला शिव्या देणार आहेत. देऊ देत. सही करायचा अधिकार माझा आहे आणि मी ती करणार. तेव्हा ही परवानगी मागते आहे असं समजू नकोस. ती पहिल्यांदा बसेल तेव्हा डब्यात तू असावास, एवढ्यासाठी बोलावते आहे. पुढचा बाक सोडून मागच्या बाकावर ये, माझ्या शेजारी. नंतर काय भांडायचं ते भांड.

शनिवारी सकाळी कर्मचाऱ्यांच्या फाटकाशी थांबते. रखवालदाराला तुझं नाव देऊन ठेवलंय. "कोण आहेत हे?" असं त्याने विचारलं. मंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, यातलं काही मी सांगितलं नाही. जे सांगितलं ते ऐकून तो खुर्चीतून उठून उभा राहिला, म्हणजे मी ते चांगलंच मोठ्याने सांगितलं असणार.

तुझी धाकटी बहीण