घरी गेल्यावर घ्यायची काळजी

प्रिय ताई,

काल फोनवर तू पायाचं विचारलंस आणि मी 'बरा आहे' एवढंच म्हणून फोन हिच्याकडे दिला. तुला राग आला असेल. मला स्वतःचाच आला. एरवी तुझ्याशी तासभर बोलणारा मी, गेले तीन आठवडे तुझा फोन आला की झोपेचं सोंग घेतो. म्हणून आज लिहायला बसलो आहे. बसलो म्हणजे पाय दोन उशांवर, पाठीला तिसरी आणि मांडीवर तुझ्या भाचीचा चित्रकलेचा बोर्ड.

छापखान्याच्या गोदामात मी शिडीवरून पडलो, नडगी मोडली, आत पट्टी आणि सात स्क्रू बसवले, एवढं तुला ठाऊक आहे. त्यानंतर घरात काय चाललंय ते हिने तुला हसत हसत सांगितलं असेल. हसण्यासारखं आहेच. चाळिशी ओलांडलेला, बऱ्यापैकी शिकलेला माणूस सकाळ-संध्याकाळ शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन स्वतःच्या पोटऱ्या मोजतो. गुडघ्याखाली चार बोटांवर पेनने खूण केली आहे, म्हणजे रोज त्याच जागी मोजता येईल. उजवी चौतीस, डावी पस्तीस. आकडे वहीत, वेळेसकट. त्या वहीला तुझी भाची 'पोटरीपुराण' म्हणते. जेवताना विचारते, आजचा अध्याय वाचून झाला का?

दोनदा मी घरच्यांना मला धावत दवाखान्यात न्यायला लावलं. पहिल्यांदा नव्व्याण्णव ताप निघाला म्हणून. तो गरम चहा पिऊन लगेच थर्मामीटर लावल्यामुळे होता. दुसऱ्यांदा पायावर लाल पट्टा दिसला म्हणून. तो बँडेजच्या काठाचा वळ होता. ही दोन्ही वेळा कामावरून रजा काढून आली होती. डॉक्टर मला म्हणाले, साहेब, पाय चांगला आहे, आता त्या वहीला सुट्टी द्या. परतताना हिने गाडीतला रेडिओ मोठा केला. पराचा कावळा करणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय, ते मलाही समजतं. पण ताई, कावळा कधीतरी खरा असतो ना. मग कुणी मान वर करून बघणार आहे का? दिवसभर छताकडे बघत मी याच विचारावर चिडचिड करतो. पाणी मागायचं तर हाक मारा, खिडकी लावायची तर हाक मारा, आणि भीती वाटली तर हाक मारायची सोय नाही.

त्यात तो कागद. रुग्णालयातून निघताना प्रत्येकाला देतात तो तीन घड्यांचा, वर 'घरी गेल्यावर घ्यायची काळजी' असं मोठ्या अक्षरात छापलेला. हिने तो औषधांच्या डब्याला चिकटवून ठेवला आहे. मी पोटरीचं नाव काढलं की ही डबाच उचलून आणते आणि वाचते, "पायावर थोडी सूज येणे स्वाभाविक आहे." पोथी वाचावी तशी, सावकाश. मी टेप गुंडाळून ठेवतो. हिला वाटतं, छापलेलं वाचून माझं समाधान झालं.

तुला हे वाचताना काय आठवत असेल ते मला कळतंय. थोडं थांब, मी तिथेच येतो आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी डावी पोटरी सदतीस भरली, संध्याकाळी अडतीस. दाबली तर आतून कळ. मी हिला सांगितलं. हिने अर्थातच डबा आणला. आणि मी, जो ऑफिसात कुणावर आवाज चढवत नाही, तो ओरडलो की त्या कागदात सगळं लिहिलेलं नाहीये. ही म्हणाली, "तुला काय माहीत? तू काय डॉक्टर आहेस?" मी फक्त म्हणालो, आत्ता नेलं नाहीस तर मी खुरडत जिना उतरेन. माझा चेहरा बघून असेल, तिने चावी घेतली.

सोनोग्राफीत पोटरीत गुठळी निघाली. लहान आहे, वर सरकलेली नाही. तीन महिने गोळ्या, मग पुन्हा तपासणी. काळजी करण्यासारखं आता काही नाही, हे खरंच. डॉक्टरांनी मला शाबासकी दिली. वेळेवर आलात, म्हणाले, दोन दिवस घरी काढले असते तर सांगता आलं नसतं. तुम्हाला कळलं कसं? घरी आल्यावर तुझ्या भाचीने माझी माफी मागितली, पोटरीपुराणाला नवं कव्हर घातलं. ही दोन दिवस माझ्याशी इतकी मऊ वागली की मला जेवण जाईना.

मला कळलं कसं, ते सांगतो. तो कागद आमच्याच छापखान्यात तयार झाला. सात वर्षांपूर्वी, माझ्याच टेबलावर. रुग्णालयाने दिलेला मजकूर चार ओळींनी जास्त होता आणि त्यांना खाली तपासणीच्या वेळा मोठ्या टाइपात हव्या होत्या. सुजेच्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य होतं. मला ते पाठ आहे. 'मात्र सूज एकाच पोटरीवर असेल, वाढत असेल किंवा दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे.' मागच्या पानावर धाप आणि छातीतल्या दुखण्याचा इशारा आहेच, तेव्हा हे दुसऱ्यांदा आलंय असं मला वाटलं. मी ते काढलं. मजकूर नीट बसला. रुग्णालयातल्या कुणीतरी न वाचता सही केली असणार. पण सही त्यांची असली तरी कात्री माझी होती.

पुढच्याच वर्षी त्याच रुग्णालयात भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांची पोटरी सुजली, तू कागद वाचलास, आणि तू दोन दिवस थांबलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना धाप लागली.

त्या आठवड्यात मी तुझ्याकडे होतो. तू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतीस, 'मी वाचलं होतं, त्यात तसं लिहिलं होतं,' आणि कपाटं उघडून तो कागद शोधत होतीस. तो माझ्या खिशात होता, ताई. तू वेडी ठरशील की काय असं वाटेपर्यंत तू तो शोधलास आणि मी तुझ्याबरोबर शोधल्यासारखं केलं. माझ्या तेव्हाच्या रोजनिशीत त्या दिवशीच्या पानावर फक्त हवा लिहिलेली आहे. ढगाळ, वारा नाही.

ती ओळ असती तर तू गेली असतीस का, गेली असतीस तर भाऊजी वाचले असते का, हे मला माहीत नाही, आणि 'माहीत नाही' याच्याआड मी सहा वर्षं लपलो. नंतरच्या छपाईत ती ओळ परत घालता आली असती. आत्ताच का, असं कुणी विचारेल या भीतीने तेही केलं नाही. आणि आता मलाच तो कागद हातात मिळाला, तोच, जसाच्या तसा. आज सकाळी रुग्णालयात फोन करून सगळं सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, पुढच्या छपाईला बघू. मी म्हटलं, पुढची छपाई नको, उरलेले सगळे गठ्ठे उचला, मी लेखी देतो. ते पत्र याच बोर्डवर आधी लिहिलं, मग हे.

तू अजून म्हणतेस, 'मीच त्यांना दोन दिवस थांबवलं.' परवाही हिच्याजवळ फोनवर म्हणालीस, स्पीकर चालू होता, मी पडल्या पडल्या ऐकलं. ते तू यापुढे म्हणू नयेस म्हणून हे लिहिलं. शनिवारी तू माझी सेवा करायला येणार आहेस, आणि हे न कळता तुझ्या हातून माझ्या पोटरीला पट्टी बांधून घेणं मला जमणार नाही. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, आधी तुला. नाही आलीस तर का आली नाहीस ते मी हिला सांगेन, तुला काही सांगावं लागणार नाही. आलीस तर बेल वाजवून जरा थांब. दार मीच उघडेन, वॉकर घेऊन यायला वेळ लागतो.

अजून तुझाच म्हणवून घेऊ पाहणारा,
बारक्या