बेनोला आणायला जायचं का

५ जानेवारी २००४, सोमवार

सहाच्या आत फॅक्स गेला. हिर्डोशीची मुक्कामी गाडी बंद, गावकरी डेपोत. डेस्कवरचा म्हणाला, "मजकूर छान, पण तळ उडवतोय. जाहिरात आलीय." नेहमीचंच. कापायचं ते खालूनच कापतात, म्हणून खाली महत्त्वाचं काही ठेवायचं नाही, हे आता हातात बसलंय.

वसुधा पहाटेच्या गाडीने वेल्ह्याला गेली. दवाखान्यात नर्सची ड्यूटी, शनिवारपर्यंत. जाताना चपला घालता घालता, "माझ्याशिवाय पुढे जायचं नाही हं."

पुढे म्हणजे गेममध्ये. कॉम्प्युटर दुरुस्त करून देताना रशीदभाईंनी एक सीडी बरोबर दिली. म्हणाले, "दादा, ह्यात गोळ्या मारायच्या न्हाईत. बोलायचं असतं. लई बोलायचं." काल रविवारी सहज लावली आणि दुपारचं जेवण चारला झालं. एक जुनाट मालवाहू यान, सूर्यमाला कुठली तरी दुसरी, आणि आपण कॅप्टन. नाव द्यायला चारच इंग्रजी अक्षरं. व.ने स्वतःचं दिलं. कॅप्टन वसू. मी कीबोर्ड.

७ जानेवारी

सात वाजता व.चा फोन, वेल्हे स्टँडसमोरच्या बूथवरून. पहिल्यांदाच फोनवर खेळलो! पडद्यावरचं इंग्रजी मी वाचायचं, मराठीत सांगायचं, पर्याय सांगायचे, ती ठरवणार, मी बटण दाबणार. इतक्या वर्षांच्या एजन्सीच्या तारा मराठीत उतरवल्यात, त्याचा हा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आज तपासणी नाक्यावर पहारेकरी. यानात लपवलेलं एक कुटुंब. खरं सांगायचं, खोटं सांगायचं की पैसे चारायचे?

व.: "पहारेकरी कसा दिसतोय?"

"दमलेला."

"मग त्याला आधी विचारा, जेवलास का."

असा पर्याय खरंच होता! चौथा, अगदी कडेला. पहारेकऱ्याने आत डोकावलंच नाही. मी खुर्चीतून उठून ओरडलो. तिकडे बूथवरही कोणीतरी हसलं.

९ जानेवारी

हसली ती हिराबाई. व.च्या दवाखान्यातली आया. रोज बूथपर्यंत सोबत येते. तीन दिवस ऐकून तिचा समज झाला की कुठल्या तरी घाटात माणसं अडकलीत आणि सिस्टर फोनवरून सुटका करतायत. आज तिने व.ला विचारलं म्हणे, "बाई, ह्यी लोकं कुन्या गावची? आमच्या विंझरची हायेत का?" व.ने खेळ आहे असं सांगितलं. हिराबाईने पदर खोचला. मग, "आसू द्या खेळ. पर त्या नाक्यावल्याला जेवाया इचारलं, ते बरं केलं."

काल-परवात माणसांची जमवाजमव. बेनो नावाचा म्हातारा मेकॅनिक यानात आला. फार बोलतो. दर इंजिनाची तुलना त्याच्या पहिल्या इंजिनाशी. व.ला तो फार आवडला. "आपल्या एसटी डेपोतल्या मेकॅनिकसारखा आहे. त्याचं बोलणं सगळं सांगा." सगळं सांगायला बसलो तर रात्र होईल. सारांश सांगतो.

रशीदभाई रस्त्यात भेटले. कुठवर आलात विचारलं. सांगितलं. त्यांनी तोंड दाबून धरलं आणि नुसते डोळे मोठे केले. "म्या काय बोलनार न्हाई."

१३ जानेवारी

जेवण बाजूला ठेवून आधी लिहितोय.

बर्फाचा चंद्र. त्यावर जुनं ठाणं. डॉक्टर सेल नावाचा एक जण तिथे अडकलाय, औषधांच्या पेट्यांसह. खालच्या ग्रहावर घुमटाचं शहर, तिथे साथ, बहुतेक लहान मुलं. ठाण्यात उतरलो, छत कोसळलं, बेनोचा पाय मोडला. यानातलं बेनोचं बाक काढलं तरच पेट्या मावतात. म्हणजे डॉक्टर आणि औषधं, किंवा बेनो. औषधांशिवाय डॉक्टर यायला तयार नाही.

फोन वाजला तेव्हा बेनो अजून बोलतच होता. पडद्यावर पानंच्या पानं. मी भराभर वाचून घेतलं आणि व.ला सांगितलं. कोण, कुठे, काय झालं, हवा किती.

व. शांत झाली. ड्यूटीवरचा आवाज. "पायातून रक्त जातंय?"

"नाही. बांधलाय."

"शुद्धीवर?"

"शुद्धीवर काय, गप्प बसत नाहीये."

"ठाण्यात हवा?"

"भरपूर. आठवडाभर पुरेल."

"मग मुलं आधी. त्याला खाणं-पाणी जवळ ठेवा. डॉक्टरला सोडून लगेच परत या. त्याला सांगा, येते म्हणून."

मागून हिराबाई: "त्याला पांघरून द्या म्हनावं."

पांघरुणाचा पर्याय नव्हता. 'मी परत येईन' हा होता. दाबला. बेनो म्हणाला, ठीक आहे कॅप्टन. उड्डाण. गेमने आपोआप नोंद केली. ह्यात एकच नोंद राहते, जुनी पुसून नवी. मागे जायची सोयच नाही.

आम्हा दोघांनाही आपलीच पाठ थोपटावीशी वाटली.

१४ जानेवारी

फोनची वाट न बघता मशीन लावलं. फक्त बघायला, पुढे न्यायला नाही. रेडिओचा दिवा लुकलुकत होता. बेनो.

ठाण्यात गारठा वाढतोय म्हणाला. दिवे गेले. हवेचा पंखाही बंद पडत चाललाय. "मी सांगितलं होतं कॅप्टन. तक्रार नाही."

काय सांगितलं होतं? गेममध्ये जुनी संभाषणं पुन्हा वाचता येतात. काढलं. त्याच्या त्या लांबलचक बोलण्याच्या अगदी शेवटी, पहिल्या इंजिनाची गोष्ट संपल्यावर दोन ओळी: ठाण्याची स्वतःची वीज केव्हाच गेलीय, सगळं तुमच्या यानाच्या तारेवर चाललंय. यान निघालं की उरेल ती फक्त बॅटरी.

मी वाचलं होतं. वाचलंच होतं. पण ती मला वर्णनाची शेपटी वाटली. उडवली.

सात वाजता व.ला सांगितलं. तिने त्या दोन ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, "तुम्ही मला बातमी दिलीत. मला केसपेपर पाहिजे होता."

आणि ते बरोबर आहे.

१५ जानेवारी, संक्रांत

इंधनाचा हिशेब तीनदा मांडला. परत फिरून बेनोला उचललं तर शहर गाठायला उशीर. किती, ते गेम सांगत नाही. शहराचा रेडिओ गेममधल्या दर दिवसाला एक ओळ पाठवतो. शेवटची आलेली: 'तिसरा वॉर्ड भरला.' पुढे जाऊन परत आलो तर बेनोचं काय, तेही सांगत नाही. यान मधोमध उभं आहे. सुकाणूवर दोन बाण. आपण हलत नाही तोवर घड्याळ थांबलेलं. एवढी दया आहे.

फोनवर व. आणि हिराबाई दोघी एकदम.

हिराबाई: "आनायला जायाच पायजे. बाईंनी येते म्हनून सांगितलंय त्याला."

व.: "अगं पण तिकडे पोरं आहेत."

हिराबाई: "पोरांपाशी आई-बाप हायेत. ह्याच्यापाशी कोन हाय?"

बूथवाला मध्येच: "पन पोरं लई हायेत ना, बाई!"

हिराबाई त्याला म्हणाली, "तू गप, मीटर बघ."

मला हसू आलं. व.ला नाही आलं. तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, पुढे. आकड्यांकडे बघून. ती म्हणाली, "हं." हा हं मला ओळखीचा आहे. पटलेलं नसतं.

ठरलं: रविवारी ती स्वतः बसणार. तोवर मशीनला हात लावायचा नाही.

१६ जानेवारी

रशीदभाई तिळगुळाला आले. दोन वड्या तोंडात टाकून म्हणाले, "मग? बर्फावर पोचला का?"

"पोचलो. अडकलो. मधोमध उभे आहोत."

वडी चावायची थांबली.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "आता सांगा. न बोलायची अट मोडली."

रशीदभाई खिडकीबाहेर बघायला लागले. "म्या त्या म्हाताऱ्याचं समदं ऐकलं व्हतं, दादा. म्या त्याला घेतला. डॉक्टरला तिथंच ठेवला पेट्यांसंगं. मग शहराचा रेडिओ लागला. रोज एक वळ. त्याच जागी उभा राह्यलो म्या, तुमच्यासारखाच. परत फिरू का फुडं जाऊ."

"मग?"

"मग काय. सीडी काढली. वरीस झालं. तीच तुमाला दिली."

म्हणजे नीट ऐकूनही माणूस तिथेच येतो! परवापासून छातीवर होतं ते थोडं हललं. पूर्ण गेलं नाही. त्यांनी निदान ऐकून निवडलं होतं.

"मला वाटलं, तुमी पेपरवालं. तुमी कराल फैसला," रशीदभाई म्हणाले. "वैनी काय म्हनतात?"

"वैनी रविवारी येतायत."

"मग म्या बी येतो."

"नको. तुमचा चेहरा बोलतो."

ते ह्यावर फार खूश झाले. आणखी एक वडी घेतली.

१८ जानेवारी, रविवार

काल रात्री व. आली. चेलाडीला गाडी चुकली, टेम्पोने कापूरहोळ, तिथून वडापची जीप. जेवली नि झोपली. विषय नाही.

सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसली. मी स्टुलावर. म्हणाली, "तुम्ही बोलू नका. अडलं तर विचारीन."

तिने पहिल्यापासून वाचलं. सगळं. बेनो यानात चढला तिथपासून. बोट पडद्यावर ठेवून, ओठ हलवत. केसपेपरचं इंग्रजी तिला येतं, गोष्टीचं नाही. दर थोड्या वेळाने एखादा शब्द विचारायची. दोन ठिकाणी मोठ्याने हसली. पहिल्या इंजिनाची गोष्ट खरंच गमतीची आहे. मी ती कधी तिला सांगितलीच नव्हती.

दुपारी वीज गेली. ती तशीच बसून राहिली, बंद पडद्यासमोर. मी म्हणालो, जेवून घे. "आले" म्हणाली आणि आली नाही. वीज आली तेव्हा पहिली तीच ओरडली, "आली!"

मग रेडिओ उघडला. बेनोशी बोलायला सात-आठ वाक्यं होती. एकेक करून तिने सगळी बोलून घेतली. पाय कसा आहे. किती गारठलंय. कोणाला काही कळवायचंय का. शेवटी एकच उरलं: 'बेनो, मी काय करू?'

मी म्हणालो, "हे विचार ना. तोच सांगेल."

"ते पेशंटला विचारायचं नसतं." आणि रेडिओ बंद केला.

मग डॉक्टरकडे गेली. तो यानातच आहे, धडधाकट. त्याला विचारायचाही पर्याय होता. विचारलं. डॉक्टर म्हणाला, कॅप्टन तुम्ही आहात.

"सगळे डॉक्टर एकजात!" व. म्हणाली. आम्ही दोघंही जे हसायला लागलो ते थांबेना. तिच्या डोळ्यांत पाणी. हसण्याचंच असावं.

मग पुसले. सुकाणू उघडलं. दोन बाण.

"तुम्ही जा, चहा टाका."

"मी इथे नको का?"

"नको."

स्वयंपाकघरात आधण ठेवलं. कान तिकडेच. बराच वेळ काही नाही. साखर टाकली, पुन्हा टाकली. मग यानाचं इंजिन लागलं. तो घुमणारा आवाज, खालून वर चढत जाणारा. कुठल्याही दिशेला गेलं तरी आवाज तोच असतो.

गाळणं हातात घेऊनच दारात आलो. तिने मशीन बंद केलं होतं.

"कुठे?"

"दाबलं. नोंद झाली."

"पण कुठे?"

"चहा उतू जातोय तुमचा."

संध्याकाळी बाजारात गेलो. मेथी घेतली. तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. चेहऱ्यावरून काही कळेल म्हणावं, तर ते तिच्या खात्यात शिकवतच असावेत, चेहऱ्यावर काही न दाखवणं.

१९ जानेवारी, सोमवार

पहाटे तिला स्टँडवर सोडलं. धुकं दाट, समोरची गाडीही दिसेना. खिडकीतून म्हणाली, "सातला फोन करते. तोवर उघडू नका." मग थोडं थांबून, "किंवा उघडा. तुमची मर्जी."

दिवसभर बातम्या. पाणीटंचाईची बैठक. ग्रामसेवक बोलत होता, मी लिहून घेत होतो. तो थांबला तेव्हा विचारलं, "आणखी काही?" त्याने चमकून पाहिलं. आणखी होतं. बरंच होतं. सहाचा फॅक्स सहा-दहाला गेला. डेस्कवाला म्हणाला, "साहेब, आज उशीर? आणि केवढं लांब हे!"

रशीदभाई दुकानाची फळी लावत होते. लांबूनच, "काय झालं?"

"ठाऊक नाही."

"म्हंजी?"

"वैनींनी दाबलं. मला सांगितलं नाही."

फळी तशीच हातात. "आन् तुमी बघितलं न्हाई अजून? दादा, तुमी मानूस हाय का कोन!" माझ्याबरोबर चार पावलं आलेसुद्धा. परत पाठवलं.

मशीन लावून ठेवलंय. पडद्यावर फक्त यानाचं नाव आणि खाली 'पुढे चला'. हात मांडीवर. शहरात पोचलो असलो तर बेनोला काय तोंड दाखवणार, आणि बर्फावर पोचलो असलो तर त्या तिसऱ्या वॉर्डाला काय. दोन्हीची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर कधी एकदा सात वाजतात असंही झालंय. दोन्ही एकदम.

ती वाचायला सांगेल. हिराबाईही असेल शेजारी, बूथवालाही. एकही ओळ गाळणार नाही. वाईट असली तरी.

फोन वाजतोय.