पाच छेद चार

वरणगाव
८ एप्रिल २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. भाऊजींना आणि आबांनाही सांग. तू पाठवलेल्या शेवया मिळाल्या, मुलींनी दोनदा खाल्ल्या. इथं ऊन आत्ताच असं तापलंय की दुपारी नळाचं पाणीही कढत येतं. यांची या आठवड्यात सकाळची पाळी आहे.

पत्र बघून तू घाबरशील. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर बोलते तेव्हा भूमिका शेजारीच बसलेली असते, आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी जाणार कुठे? परवा आबांनी विचारलं, "भूमी बरी शे ना?" मी नेहमीसारखं सगळं ठीक असल्याचं सांगितलं, "बठ्ठं बरं शे, आबा." ती समोर शेंगा सोलत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अभ्यास कसा चाललाय, असं तू नेहमी विचारतेस. शाळेनं तिला आठवीत बसू दिलंय, एवढंच. मी घरी धाकट्या रितिकाचं सहावीचं पुस्तक घेऊन शिकवत होते. भूमिका सहावीत गणितात पहिली आली होती, हे तुला आठवत असेल. पुढच्याच पावसाळ्यात मेंदूज्वर झाला. त्यातून उठली ती अपूर्णांकांपाशी येऊन अडकली. साधे अपूर्णांक कसेबसे जमतात. अंशाधिक, म्हणजे वरचा आकडा मोठा असलेला, आला की संपलं. पाच छेद चार लिहिलं की विचारायची, "आई, भाकरीचे तुकडेच चार केले, मग पाच कुठून आणू?"

प्रश्न काही वेडा नाही, अक्का. मग मी दुसरी भाकरी थापली. तिचेही चार तुकडे केले आणि त्यातला एक उचलून पहिल्या चारांजवळ ठेवला. तिनं बोटानं तुकडे मोजले. मग एकदम हसली. "एक आख्खी आणि वर पाव. सव्वा!"

मी पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. हे कामावरून आले तर बूट काढायच्या आत मी सांगितलं. यांनी तिला पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा बरोबर सांगितलं. त्या दिवशी घरात सण असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहीत तेच लिहून दिलं. म्हणाली, "आई, वरचा आकडा मोठा आहे. हे चुकीचं लिहिलंय."

सगळा हिवाळा असाच गेला. दुकानातून सव्वा किलो साखर ती बरोबर आणते. दीड, अडीच सगळं तोंडात आहे. कागदावर मात्र रोज पहिल्यापासून.

दिवाळीनंतर आम्ही जळगावला डॉक्टरांकडे गेलो होतो. गोळ्या बदलल्या, एवढंच मी तुला सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, "ताई, जे परत यायचं होतं ते पहिल्या वर्षात आलं. आता आहे ते सांभाळा." माणूस चांगला होता, आमच्यासाठी पाणी मागवलं. बाहेर आल्यावर यांनी रिक्षा केली नाही. भूमिकाचा हात धरून स्टेशनपर्यंत चालतच निघाले. वाटेत तिनं विचारलं, "पप्पा, मी नापास झाले का?"

यांनी स्टेशनवर तिला उसाचा रस घेऊन दिला.

आता रितिकाचं सांगते. मागच्या महिन्यात तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. चाचणीत हाच धडा होता. अंशाधिकाचे पूर्णांकयुक्त करा, आणि हिचं एकही उत्तर बरोबर नव्हतं. घरी आणून मी तोंडी विचारलं, "नऊ छेद चार?"

"दोन पूर्णांक एक चतुर्थांश," ताडकन उत्तर.

"मग पेपरात काय झालं होतं?"

आधी दप्तर कोपऱ्यात ठेवलं. मग म्हणाली, "मला पटकन आलं की ताई पेन ठेवून देते. मी पुढे जाणारच नाही. आम्ही दोघी एकाच धड्यात राहू."

माझा हात उचलला गेला, अक्का. पोर हलली नाही, डोळे मिटून उभी राहिली. दारातून भूमिका म्हणाली, "आई, तिला मारू नको. तू मला शिकवणं बंद कर."

तेव्हापासून पुस्तक उघडलेलं नाही. भूमिकाही मागत नाही. सकाळी दप्तर भरते, शाळेत बसून येते.

तू भूमिकाला धुळ्याला पाठव म्हणतेस. तिला नाही पाठवता येणार. मध्येच फिट येते, कधी घराचा रस्ता चुकते. तू रितिकाला घेऊन जा. जूनपासून तुमच्या जवळच्याच शाळेत घाल. आम्ही दोघांनी ठरवलंय. हे म्हणाले, "निदान एक तरी..." आणि उठून बाहेर गेले.

रितिकाला आम्ही सुट्टीला मावशीकडे जायचंय इतकंच सांगितलंय. खरं कळेल तेव्हा ती माझ्यावर चिडेल, कदाचित कायमची. चिडू दे. ती वांगं खात नाही, जबरदस्ती करू नकोस. तिला चांगले मार्क मिळाले तर फोनवर सांगू नकोस, इकडे ऐकू येतं. नुसता मेसेज कर.

भूमिका रात्री रितिकाच्या अंगावर हात टाकून झोपते. ती गेल्यावर हिला काय सांगायचं, ते अजून मला सुचलेलं नाही. सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारेल, आणि मला पुन्हा सांगावं लागेल.

येशील तेव्हा दुपारी ये. त्या वेळी गोळीमुळे भूमिका गाढ झोपलेली असते. दोघींना एकमेकींचा निरोप घ्यायला लावण्याची ताकद माझ्यात नाही.

तुझी,
चारुलता